अदृश्य प्रायमरी

अदृश्य प्रायमरी : अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी कोणाला मिळेल, याची चर्चा, चाचपणी आणि मोर्चेबांधणी ज्या काळात चालते तो काळ व ती प्रक्रिया. मागची अध्यक्षीय निवडणूक आटोपली की ती सुरू होते आणि पुढच्या वेळच्या पहिल्या मतदानाशी, म्हणजे साधारणपणे आयोवातील कॉकस (पक्षाच्या मतदारांच्या स्थानिक सभांतून होणारी निवड) किंवा न्यू हॅम्पशायरमधील प्रायमरी (उमेदवार ठरवण्यासाठी होणारे पक्षांतर्गत मतदान) यांच्याशी संपते, असे ढोबळमानाने मानतात. या काळात कोणी मत देत नाही. तरी इच्छुकांपैकी बरेच जण याच काळात गळतात. मराठी वृत्तपत्रांत ज्याला ‘गुडघ्याला बाशिंग बांधून बसणे’ म्हणतात त्याचेच हे रूप. फरक इतकाच की अमेरिकेत बाशिंग बांधले आहे हे शक्य तितके दिवस नाकारायचे असते, आणि त्यामागे संकोचाइतकाच कायदाही आहे.

संज्ञा : ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय पत्रकार आर्थर हॅडली यांना दिले जाते, १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचे तेच नाव होते. इच्छुकाला मानसिक तयारी, कार्यकर्त्यांचा संच, डावपेच, पैसा, प्रसारमाध्यमे आणि स्वतःचा मतदारवर्ग अशा सहा वाटांवर एकाच वेळी चालावे लागते, अशी त्यांची मांडणी होती. पहिल्या वाटेचे नेहमी दिले जाणारे उदाहरण वॉल्टर माँडेल यांचे. नोव्हेंबर १९७४ मध्ये त्यांनी शर्यतीतून अंग काढून घेतले, आणि पुढची दोन वर्षे हॉलिडे इनच्या खोल्यांत काढण्याची आपली इच्छा नाही, असे कारण दिले. दोन वर्षांनी ते उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले, तेव्हा त्या खोल्या आता नव्याने सजवल्या आहेत असे म्हणून त्यांनीच ते हसण्यावारी नेले.

याला जोडून येणारी दुसरी संज्ञा अधिक खट्याळ आहे. ‘अमुक यांचे नाव घेतले जात आहे’ या वाक्यात नाव नेमके कोण घेतो, हे कधीच छापून येत नाही. या अनामिक कर्त्याला अमेरिकी पत्रकारांनी ‘थोर नामोल्लेखक’ अशा अर्थाचे बिरुद दिले. त्याचे जनकत्व सहसा स्तंभलेखक रसेल बेकर यांच्याकडे जाते. मराठी बातमीतला ‘राजकीय वर्तुळात चर्चा आहे’ हा कर्ता त्याचाच भाऊबंद म्हणावा लागेल.

आरंभकाळाचा प्रश्न : ही प्रक्रिया केव्हापासून मोजावी याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. एका मतानुसार १९७२ पूर्वी अदृश्य प्रायमरीबद्दल बोलणेच व्यर्थ आहे, कारण तोवर उमेदवारी पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात ठरत असे आणि दृश्य प्रायमरीलाच फारसे वजन नव्हते. दुसरे मत ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापर्यंत मागे नेते. नाव आधुनिक असले तरी व्यवहार जुना आहे, हे दुसरे मत पुराव्याच्या दृष्टीने अधिक ग्राह्य वाटते.

त्यासाठी मुख्य आधार अँड्र्यू जॅक्सन यांचा. टेनेसीच्या विधिमंडळाने १८२४ च्या निवडणुकीसाठी त्यांचे नाव १८२२ मध्येच पुढे केले होते. त्या काळी उमेदवार ठरवण्याची मान्य पद्धत म्हणजे काँग्रेसमधील (अमेरिकी संसदेतील) पक्षसदस्यांची बैठक. फेब्रुवारी १८२४ मध्ये ती भरली तेव्हा जेमतेम ६६ सदस्य हजर होते. त्यांनी विल्यम क्रॉफर्ड यांना निवडले आणि त्या निवडीला कोणी फारशी किंमत दिली नाही. त्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही, प्रतिनिधिगृहाने जॉन क्विन्सी ॲडम्स यांना अध्यक्ष केले, आणि ॲडम्स यांना पदावर येऊन आठ महिनेही झाले नव्हते तोच, ऑक्टोबर १८२५ मध्ये, टेनेसीच्या विधिमंडळाने १८२८ साठी पुन्हा जॅक्सन यांचे नाव जाहीर केले. जॅक्सन यांनी सिनेटची जागा सोडली आणि तीन वर्षे घरून पत्रव्यवहार व भेटीगाठी चालू ठेवल्या. निवडणुकीला तीन वर्षे असताना सुरू झालेली ही मोहीम आजच्या कोणत्याही व्याख्येत बसते.

बॉल्टिमोर येथे सप्टेंबर १८३१ मध्ये अँटी-मेसॉनिक पक्षाने पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरवले, आणि चर्चेचे केंद्र विधिमंडळांकडून अधिवेशनाच्या प्रतिनिधींकडे सरकले. उमेदवारीसाठी दोनतृतीयांश प्रतिनिधींची मते हवीत हा डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम (१९३६ मध्ये रद्द) चर्चेला फार पोषक ठरला. आघाडीवरच्या माणसाला अडवण्यापुरते बळ कोणालाही जमवता येई, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या नावांची कुजबुज आधीपासून करून ठेवावी लागे. १८४४ मध्ये मार्टिन व्हॅन ब्युरेन अडले आणि मतदानाच्या नवव्या फेरीत जेम्स पोक यांना उमेदवारी मिळाली. चर्चेत नसलेला, अंधारातून पुढे आलेला घोडा ही उपमा अमेरिकी राजकारणात पहिल्यांदा त्यांना लागू करतात. ती शर्यतीच्या मैदानावरून आली हे उघड आहे. १९२४ मध्ये याच नियमापायी १०३ फेऱ्या झाल्या आणि जॉन डेव्हिस हे तडजोडीचे उमेदवार निघाले.

लिंकन यांचे उदाहरण : जुन्या पद्धतीची सर्वांत चांगली नोंद अब्राहम लिंकन यांच्या पत्रांत सापडते, म्हणून ती थोडी विस्ताराने पाहणे योग्य. एप्रिल १८५९ मध्ये इलिनॉयमधल्या एका संपादकाने त्यांचे नाव अध्यक्षपदासाठी छापण्याची तयारी दाखवली, तेव्हा आपण त्या पदाला लायक आहोत असे आपल्याला वाटत नाही, असे लिंकन यांनी कळवले. पुढच्याच महिन्यात त्यांनी स्प्रिंगफील्डमधील एका जर्मन भाषेतल्या वृत्तपत्राचा छापखाना गुपचूप विकत घेतला. करार असा की पत्राने १८६० च्या निवडणुकीपर्यंत रिपब्लिकन पक्षाची बाजू धरावी आणि त्यानंतर छापखाना संपादकाचा व्हावा. जर्मन स्थलांतरितांची मते त्या भागात मोलाची होती. निवडणूक जिंकल्यावर लिंकन यांनी छापखाना संपादक थिओडोर कॅनिसियस यांना दिला आणि पुढे त्यांना व्हिएन्नाला वाणिज्यदूत म्हणून पाठवले. २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्कमधील कूपर युनियनच्या भाषणाने त्यांचे नाव पूर्वेकडे पोहोचले. एप्रिल १८६० च्या अखेरीस सिनेटर लायमन ट्रम्बुल यांना लिहिलेल्या पत्रात, तोंडाला थोडी चव लागली आहे खरी, अशी कबुली येते. पहिल्या नकारापासून या कबुलीपर्यंत एक वर्ष गेले. छापखान्याचा व्यवहार मात्र नकारानंतर जेमतेम सहा आठवड्यांचा आहे, हे लक्षात घ्यावे.

त्याच काळात पक्षातले आघाडीचे नाव विल्यम सुअर्ड यांचे होते. उमेदवारी जवळपास खिशात आहे असे समजून ते १८५९ मध्ये सुमारे आठ महिने युरोपच्या दौऱ्यावर होते. मे १८६० मध्ये शिकागोच्या अधिवेशनात तिसऱ्या फेरीत लिंकन यांची निवड झाली. दौऱ्यामुळेच सुअर्ड हरले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. गुलामगिरीविषयी त्यांची भाषणे काठावरच्या राज्यांना जहाल वाटत होती, हे कारण बहुतेक इतिहासकार आधी मांडतात.

नकाराची भाषा : उमेदवारी मागणे हे बराच काळ असभ्य मानले जाई. त्यामुळे नकारांचे एक व्याकरणच तयार झाले. ‘सध्या तसा विचार नाही’ म्हणजे विचार चालू आहे. ‘पक्षाने आदेश दिला तर’ म्हणजे आदेशाची वाट पाहणे चालू आहे. जनरल विल्यम शर्मन यांनी १८८४ मध्ये रिपब्लिकन अधिवेशनाला, उमेदवारी दिली तर स्वीकारणार नाही आणि निवडून आलो तर पद सांभाळणार नाही, अशा अर्थाचा निरोप धाडला (शब्दांचे पाठभेद आहेत). तेव्हापासून पळवाट न ठेवलेल्या नकाराला ‘शर्मनी नकार’ म्हणतात. तो दुर्मिळ आहे. आयझेनहॉवर यांनी जानेवारी १९४८ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका वृत्तपत्रमालकाला पत्र लिहून स्पष्ट नकार दिला होता. चार वर्षांनी त्याच राज्याच्या प्रायमरीत हेन्री कॅबट लॉज यांनी त्यांचे नाव घातले आणि आयझेनहॉवर जिंकले.

ताणलेल्या अनिश्चिततेचे टोक म्हणून न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्युओमो यांचे नाव निघते. २० डिसेंबर १९९१ हा न्यू हॅम्पशायरमध्ये अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. ऑल्बनीच्या विमानतळावर भाड्याचे विमान तयार उभे होते, तिकडे न्यू हॅम्पशायरची राजधानी काँकर्डमध्ये १,००० डॉलर शुल्क भरून अर्ज दाखल करण्याची व्यवस्था झाली होती. दुपारी क्युओमो यांनी पत्रकारांना बोलावून राज्याच्या अंदाजपत्रकाचे कारण दिले आणि आपण उभे राहत नसल्याचे सांगितले. विमान जागचे हलले नाही.

१९७२ नंतरचे स्वरूप : ओरेगनने १९१० मध्ये अध्यक्षीय पसंतीच्या प्रायमरीचा कायदा केला आणि १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमरी जिंकल्या, तरी उमेदवारी टाफ्ट यांनाच मिळाली. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. शिकागोच्या त्या अधिवेशनातील गदारोळानंतर मॅकगव्हर्न–फ्रेझर आयोगाने प्रतिनिधी निवडीचे नियम बदलले, आणि १९७२ पासून प्रायमरी व कॉकस निर्णायक ठरले. साहजिकच त्यांच्या आधीच्या काळालाही किंमत आली. जिमी कार्टर यांच्या मोहिमेचा आराखडा हॅमिल्टन जॉर्डन यांनी नोव्हेंबर १९७२ मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या चार वर्षे आधी लिहिला. कार्टर यांनी १२ डिसेंबर १९७४ रोजी उमेदवारी जाहीर केली, तेव्हा ‘जिमी कोण?’ हा प्रश्न चेष्टेने विचारला जाई. आयोवात त्यांना सुमारे २८ टक्के मते मिळाली. कोणाच्याच बाजूने कौल न देणाऱ्या अनिर्णितांचा गट त्यांच्याही पुढे होता, पण बातमी कार्टर यांचीच झाली.

आयोवातील चाचपणीला जत्रेची कळा असते. ऑगस्टमध्ये दे मॉइन येथील राज्य जत्रेत इच्छुक गवताच्या भाऱ्यांशेजारी उभे राहून भाषण करतात, काडीला लावलेली डुकराची चाप खातात आणि लोण्यात घडवलेल्या गायीच्या पुतळ्यापुढे छायाचित्र काढून घेतात. रिपब्लिकन पक्ष १९७९ पासून एम्स येथे नमुना मतदानही घेत असे. त्याचा अंदाज कच्चा होता: २०११ मध्ये मिशेल बाकमन पहिल्या आल्या, टिम पॉलेंटी दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडले, आणि बाकमन आयोवातच मागे पडल्या. २०१५ मध्ये ही प्रथा बंद झाली.

कायदा व पैसा : निवडणूक निधीच्या कायद्यानुसार ५,००० डॉलरांहून अधिक निधी गोळा केला किंवा खर्च केला की माणूस ‘उमेदवार’ ठरतो आणि त्याला नोंदणी करावी लागते. ‘पाणी जोखणे’ या सदराखाली मात्र सवलत आहे. उभे राहावे की नाही हे ठरवण्यासाठी मतचाचणी, प्रवास, दूरध्वनी यांवर खर्च करता येतो. स्वतःला उमेदवार म्हणवून घेता येत नाही, उमेदवारीची जाहिरात करता येत नाही आणि पुढच्या प्रचारासाठी पैसा साठवता येत नाही. उमेदवारी जाहीर झाली की मागचा सारा हिशेब दाखवावा लागतो. इच्छुकांच्या बोलण्यातला ‘जर’ या नियमातून येतो. जेब बुश मे २०१५ मध्ये नेव्हाडात बोलता बोलता ‘मी उभा आहे’ असे म्हणून गेले आणि त्याच वाक्यात घाईने ‘उभा राहिलो तर’ जोडून मोकळे झाले. त्यांना पाठिंबा देणाऱ्या स्वतंत्र समितीने त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत १० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमवली होती. २० फेब्रुवारी २०१६ रोजी साउथ कॅरोलायनाचे निकाल लागताच त्यांनी माघार घेतली.

दुसरी वाट रोनाल्ड रेगन यांनी रुळवली. १९७६ च्या प्रचारातून उरलेल्या सुमारे १० लाख डॉलरांतून त्यांनी १९७७ मध्ये राजकीय समिती काढली आणि ती इतर उमेदवारांना मदत करत देशभर फिरत राहिली.

अलीकडे वादचर्चेच्या मंचावर प्रवेश मिळवण्याच्या अटींनी चाचपणीला आकडे दिले. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने ६५,००० देणगीदार किंवा तीन चाचण्यांत १ टक्का अशी अट ठेवली आणि मायामीत दोन रात्रींत २० जण उभे राहिले. २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाने ४०,००० देणगीदारांची अट घातली, तेव्हा नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर डग बर्गम यांनी १ डॉलर देणाऱ्याला २० डॉलरांचे भेटपत्र देऊ केले. ते मंचावर पोहोचले.

भाकीतमूल्य : सुरुवातीच्या मतचाचण्यांवर भरवसा ठेवावा का, यावर दोन मते आहेत. मतदानापूर्वीच्या अखेरच्या चाचणीतला आघाडीवीर १९८० नंतरच्या दोन दशकांत बहुधा उमेदवार ठरला, असे काही अभ्यासक दाखवतात. पण वर्षभर आधीच्या चाचण्यांबाबत तसे म्हणता येत नाही. २००७ मध्ये हिलरी क्लिंटन आणि रुडी जुलियानी आपापल्या पक्षात पुढे होते, दोघांनाही उमेदवारी मिळाली नाही. २००८ मध्ये चार राज्यशास्त्रज्ञांनी मांडले की मतदानापूर्वी गव्हर्नर व काँग्रेस सदस्यांनी दिलेले पाठिंबे सर्वांत बोलके असतात, म्हणजे निर्णय अजून पक्षच करतो. २०१६ मध्ये डॉनल्ड ट्रम्प अशा पाठिंब्यांवाचून जिंकले. तो अपवाद होता की सिद्धान्ताचा शेवट, हे ठरायचे आहे. २०२० मध्ये साउथ कॅरोलायनातील प्रायमरीनंतर जो बायडन यांच्यामागे पक्ष ज्या वेगाने एकवटला त्यावरून सिद्धान्त अगदीच मोडीत काढणे घाईचे वाटते.

२१ जुलै २०२४ रोजी बायडन यांनी माघार घेतल्यावर पाठिंब्यांची जुळवाजुळव दोन दिवसांत होऊन कमला हॅरिस यांच्यामागे प्रतिनिधींचे बहुमत उभे राहिले. प्रायमरी तोवर होऊन गेल्या होत्या. कालखंडाची व्याख्या काटेकोर धरली तर ही घटना अदृश्य प्रायमरीत मोडत नाही. कार्य पाहिले तर मोडते.