आच्छादन पिके व भूसुधारके : खानदेशातील शेतजमिनी

दोन मुख्य पिकांच्या मधल्या काळात किंवा मुख्य पिकाच्या ओळींमध्ये जमीन उघडी राहू नये म्हणून जी पिके घेतात त्यांना आच्छादन पिके म्हणतात; तीच पिके फुलोऱ्याच्या सुमारास मातीत गाडली म्हणजे त्यांचे हिरवळीचे खत होते. जमिनीचे भौतिक वा रासायनिक दोष दूर करण्यासाठी मिसळलेल्या पदार्थांना भूसुधारके म्हणतात. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), गंधक, शेणखत, साखर कारखान्यातील मळी (प्रेसमड) आणि धरणातील गाळ ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत या दोन्ही उपायांचे यश पदार्थाच्या मात्रेपेक्षा जमिनीतील ओल आणि निचरा यांवर अधिक अवलंबून असते.

खानदेशातील बहुतेक जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी जमीन आहे. तापी, गिरणा व पांझरा यांच्या काठी ती खोल आणि भारी आहे, तर साक्री व शिंदखेड्याच्या माळरानांवर हलकी व उथळ आहे. भारी जमिनीतील चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की तिला खोल भेगा पडतात. सामू (आम्ल-अल्कता दाखवणारा आकडा) बहुधा ७.५ ते ८.५ असतो, चुनखडीचे प्रमाण पुष्कळ असते, पालाश (पोटॅशियम) सहसा पुरेसे असते. कमतरता असते ती सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त यांची. आम्ल जमिनींसाठी सुचवला जाणारा चुना येथे टाकण्याचे काहीच प्रयोजन नाही, कारण जमिनीत तो आधीच मुबलक आहे.

सेंद्रिय कर्ब कमी असण्याचे मोठे कारण हवामानात आहे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ भागाचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि उघड्या, नांगरलेल्या मातीतील सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून कर्बवायूच्या रूपाने निघून जातो. ताग हे हिरवळीचे पीक चांगले वाढले तर हेक्टरी १५ ते २० टन हिरवा पाला मिळतो. मात्र त्यात तीनचतुर्थांशांहून अधिक पाणी असते. २० टनांतून कोरडा भाग ४ ते ५ टन आणि त्यातील कर्ब साधारण २ टन भरतो. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंमी थराचे वजन सुमारे २० लाख किलो असते, म्हणजे त्या थरातील कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर निव्वळ २ टन कर्ब मातीत टिकून राहावा लागतो. तागाचे एक भरघोस पीक नेमका तेवढाच कर्ब आणते, आणि त्यातील बराचसा पहिल्या वर्षातच उडून जातो. म्हणून एकदा ताग गाडून माती परीक्षणाच्या अहवालात फरक शोधणे व्यर्थ आहे. कर्बाचा आकडा वर्षानुवर्षे हलत नसला तरी मातीची घडण मात्र आधी सुधारते : जिवाणूंच्या चिकट स्रावांनी आणि बुरशीच्या तंतूंनी मातीचे कण बांधले जातात, पाऊस मुरतो आणि पेरणीनंतर पापडी कमी धरते.

ताग किंवा बोरू हे या भागातील सर्वांत परिचित हिरवळीचे पीक आहे. हेक्टरी ५० ते ६० किलो बियाणे लागते आणि ४५ ते ५० दिवसांनी, फुले येऊ लागताच पीक गाडतात. त्या वयात खोड कोवळे असते आणि पाल्यात नत्राचे प्रमाण भरपूर असते, त्यामुळे ते लवकर कुजते. फुलोरा उलटून गेला की खोडात तंतू व काष्ठ तयार होते, आणि ते कुजवताना जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात. पुढचे पीक मग काही आठवडे पिवळे दिसते. मुळांवरील गाठी काम करीत आहेत की नाही हे शेतातच पाहता येते. रोप न उपटता खुरप्याने मातीसह काढावे, मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवावीत आणि एखादी गाठ नखाने चिरावी. आतून ती गुलाबी-लालसर असेल तर हवेतील नत्र स्थिर होत आहे. पांढरी वा हिरवट असेल तर होत नाही, आणि पुढील वेळी बियाण्यास रायझोबियम (या गाठी बनवणारे जिवाणू) लावणे इष्ट ठरते.

कोरडवाहू शेतीत केवळ गाडण्यासाठी एक हंगाम देणे बहुतेकांना परवडत नाही, आणि या अडचणीला आळस किंवा अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. धुळे जिल्ह्याच्या पूर्व भागात पाऊसच बेताचा असतो; तेथे आच्छादन पिकाने शोषलेली ओल रब्बीच्या पिकाला कमी पडते. खानदेशाने याला काढलेली जुनी तोड म्हणजे खरिपात मूग वा उडीद आणि त्यानंतर भारी जमिनीत दादर ही रब्बी ज्वारी. मुगाच्या शेंगा तोडून पाला तेथेच जिरवला जातो, आणि त्याच्या बेवडावर (त्या पिकानंतरच्या जमिनीत) दादर चांगली येते. कपाशीच्या रुंद ओळींमध्ये मूग-उडदाचे आंतरपीक घेतल्यासही पहिले दोन महिने, म्हणजे पावसाचा मारा सर्वांत जास्त असताना, जमीन झाकलेली राहते. सातपुड्यातील धडगाव व अक्कलकुव्याच्या उतारांवर पाऊस अधिक असल्याने हे झाकणे नत्रापेक्षाही माती धरून ठेवण्यासाठी मोलाचे आहे.

कपाशीच्या पऱ्हाट्या (वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडे) पूर्वी सरपणासाठी नेत किंवा बांधावर जाळीत. श्रेडरने बारीक करून त्या मातीत मिसळता येतात. परंतु आधी किडकी बोंडे वेचून नष्ट केली नाहीत तर गुलाबी बोंडअळीला आश्रय मिळतो. पऱ्हाटीत नत्र फार कमी असल्यामुळे सोबत शेणखत किंवा थोडा युरिया द्यावा लागतो. पाणी देऊन फरदड (मुख्य वेचणीनंतर त्याच झाडांचा पुन्हा कापूस) घेत राहिलेल्या शेतात मात्र अशा कामाला वेळच उरत नाही.

रावेर, यावल व चोपडा तालुक्यांतील केळीच्या बागांत मृगबागेच्या (पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या बागेच्या) सुरुवातीला ताग किंवा धैंचा हे दुसरे हिरवळीचे पीक ओळींमध्ये पेरून ४५ दिवसांच्या सुमारास गाडतात. येथे चवळी टाळणे शहाणपणाचे, कारण केळीवरील काकडी मोझॅक विषाणू आणि तो पसरवणारा मावा ही दोन्ही तिच्यावर वाढू शकतात. घड कापल्यानंतर उरलेले खांब तुकडे करून बागेतच कुजवले तर केळीने उचललेल्या पालाशाचा मोठा वाटा जमिनीला परत मिळतो. विषाणूग्रस्त झाडे याला अपवाद. ती समूळ काढून बागेबाहेर नष्ट करावीत.

भूसुधारकांची खरी गरज चोपण, म्हणजे सोडियममुळे बिघडलेल्या, जमिनींत पडते. सतत सिंचन, अपुरा निचरा आणि काही ठिकाणी कूपनलिकांचे सोडियमयुक्त पाणी यांमुळे चिकणमातीच्या कणांवर सोडियम चिकटतो, कण एकमेकांपासून सुटतात आणि मातीतील छिद्रे बुजतात. अशा शेतातील कोरडे ढेकूळ पावसाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात न ढवळता ठेवले तर काही तासांत त्याभोवती दुधाळ, गढूळ ढग पसरतो आणि तो निवळत नाही. निकोप काळी माती विरघळल्यासारखी फुटते, पण वरचे पाणी बरेच स्वच्छ राहते. विनिमययोग्य, म्हणजे कणांवर चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांवर गेल्यास जमीन चोपण मानतात, तथापि काळ्या जमिनीत त्याहून बऱ्याच कमी प्रमाणातही निचरा बिघडतो.

जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्यात उतरतो. हे पाणी मुळांच्या खाली जाऊन बाहेर पडले नाही तर सोडियम तेथेच राहतो. चर न काढता टाकलेले जिप्सम हा वाया गेलेला खर्च आहे. मात्रा प्रयोगशाळेतील जिप्सम-गरजेवरून ठरवावी, पावसाळ्यापूर्वी ते वरच्या १० ते १५ सेंमी थरात मिसळावे आणि बांधबंदिस्ती करून पाऊस मुरू द्यावा. क्षार आहेत पण सोडियमचे वर्चस्व नाही अशा जमिनीला जिप्सम लागत नाही, केवळ गोडे पाणी व निचरा लागतो.

चुनखडीयुक्त जमिनीत दुसराही मार्ग आहे. गंधकाचे जिवाणूंमार्फत आम्ल बनते आणि ते चुनखडी विरघळवून जमिनीतलेच कॅल्शियम मोकळे करते. त्यासाठी ओल आणि काही आठवडे लागतात. धैंचा गाडल्यावर कुजताना निघणारा कर्बवायू पाण्यात मिसळून सौम्य आम्ल बनतो व हेच काम हळूहळू करतो. धैंचा क्षार आणि साचलेले पाणी दोन्ही सोसतो, त्याची मुळे घट्ट थरात वाटा पाडतात. म्हणून चोपण जमिनीत तागापेक्षा तोच योग्य. मळी वापरताना ती कोणत्या प्रक्रियेतून आली हे विचारावे : गंधकप्रक्रियेची मळी उपयोगी, चुनाप्रधान मळी या जमिनीत निरुपयोगी.

साक्री परिसरातील ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या शेतात बसवण्याची रीत ही भूसुधारणेचीच जुनी पद्धत आहे. लेंडी व मूत्र जागेवर पडते आणि वाहतूक लागत नाही. २०१७ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने गाळ वाहून नेण्याला चालना मिळाली. बरड, मुरमाड जमिनीत गाळामुळे ओल धरून ठेवण्याची क्षमता वाढते. भारी जमिनीत मात्र तो चिकणमातीत चिकणमातीच घालतो आणि आधीच मंद असलेला निचरा आणखी मंदावण्याचा संभव असतो. क्षार तपासल्याशिवाय तर तो कोठेच पसरू नये.