डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीचे थेंब घरी नेण्याआधी

डोळ्यांना खाज सुटली, पाणी येऊ लागले, पापण्या सुजल्या आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर ओलोपॅटाडीन, केटोटिफेन, बेपोटास्टीन किंवा अल्काफ्टाडीन यांपैकी एखादे नाव लिहिले, की ती बाटली आमच्या दुकानातून तुमच्या हाती येते. काउंटरवर गर्दी असताना सगळे सांगून होत नाही, म्हणून हा कागद सोबत देत आहोत.

धूळ, परागकण, मांजराचा कोंडा असे काही डोळ्यात गेले की अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या डोळ्यांतल्या विशिष्ट पेशी हिस्टामिन सोडतात. खाज आणि लाली मुख्यतः त्यानेच येते. वर लिहिलेली औषधे हिस्टामिनचा परिणाम रोखतात आणि या पेशींना आणखी हिस्टामिन सोडू देत नाहीत. त्यामुळे खाज बहुतेकदा काही मिनिटांत कमी होते. डोळे चोळल्याने मात्र त्याच पेशी आणखी चिडतात आणि खाज वाढते. वर्षानुवर्षे जोरात चोळत राहिल्यास बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे येण्याचा धोका असतो. खाज असह्य झाली तर स्वच्छ फडके गार पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा.

बाटलीवरचा टक्क्यांचा आकडा नक्की वाचा. ओलोपॅटाडीन ०.१ टक्के असेल तर ते साधारणपणे दिवसातून दोनदा, ६ ते ८ तासांच्या अंतराने घालतात. ०.२ किंवा ०.७ टक्के असेल तर दिवसातून एकदाच. नाव तेच आणि खोकीही सारखीच दिसतात, त्यामुळे घरात दोन बाटल्या असल्या की घोटाळा होतो. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ आम्ही खोक्यावर पेनाने लिहून देतो. लिहायची राहिली तर हक्काने मागून घ्या.

घालताना हात साबणाने धुवा. मान मागे टाका, खालची पापणी बोटाने हलकेच ओढा आणि तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडा. एक थेंबसुद्धा डोळ्यात मावेल त्यापेक्षा मोठाच असतो. दुसरा घातला तर तो गालावर ओघळतो, औषध वाया जाते आणि बाटली लवकर संपते. बाटलीचे टोक पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नका. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून धरा, म्हणजे औषध नाकावाटे घशात उतरणार नाही. बेपोटास्टीन घातल्यावर तोंड कडवट होते अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो, ती यानेच बरीच कमी होते. हात थरथरणाऱ्या आजी-आजोबांनी आडवे पडून दुसऱ्याकडून थेंब घालून घ्यावेत.

सुरुवातीला थोडी चुरचूर किंवा अंधुक दिसणे होऊ शकते. नजर साफ होईपर्यंत गाडी चालवू नका. दुसरे थेंब चालू असतील तर मध्ये किमान ५ मिनिटे जाऊ द्या, आणि मलम सगळ्यात शेवटी लावा. कॉन्टॅक्ट लेन्स काढूनच थेंब घाला आणि १० मिनिटांनी परत लावा, कारण बऱ्याच बाटल्यांतले बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक मऊ लेन्समध्ये शोषले जाते. डोळे लाल असतील तोवर लेन्स लावूच नका. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आता ज्या गोष्टीसाठी आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती. “मागच्या वेळी दिलेले, डोळे एका दिवसात पांढरे करणारे ड्रॉप द्या,” असे सांगत कोणी जुनी बाटली घेऊन येते, आणि ती स्टेरॉइडची निघते. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल ही सगळी स्टेरॉइडे आहेत. गंभीर अ‍ॅलर्जीत डॉक्टर ती मोजक्या दिवसांसाठी देतात आणि डोळ्याचा दाब तपासत राहतात. मनाने महिनोन्‌महिने घातली तर दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि ती जात असताना बहुधा दुखतही नाही. दर उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या शाळकरी मुलांच्या बाबतीत हा धोका खरा आहे, कारण त्यांचा त्रास वर्षानुवर्षे परततो आणि आईवडील तीच बाटली पुन्हा नेतात. चिठ्ठीशिवाय आम्ही ती देत नाही. कृपया रागावू नका.

२०२३ च्या जुलैमध्ये आळंदी-पुण्याकडे डोळे येण्याची साथ पसरली होती, तसा संसर्ग आणि अ‍ॅलर्जी वेगळी. अ‍ॅलर्जीत बहुधा दोन्ही डोळ्यांना खाज असते, पाणी पातळ असते आणि ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. सकाळी पापण्या चिकटत असतील, पिवळा चिकट स्राव येत असेल तर या थेंबांवर विसंबू नका. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा दिसणे कमी झाले असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा. खोक्यावर वेगळे छापले नसेल तर महिन्याभरानंतर उरलेले औषध टाकून द्या. घरात दोघांना सारखाच त्रास असला तरी प्रत्येकाची बाटली वेगळी ठेवा.