रिपोर्टमधलं ते आयएल-सिक्स आणि ओसाकाचे किशिमोतो

कोविडच्या दुसऱ्या लाटेत सीआरपी (शरीरात सूज किंवा इन्फेक्शन असलं की रक्तात वाढणारं प्रथिन), डी-डायमर, आयएल-सिक्स हे रक्ततपासण्यांचे शब्द आपल्याकडे घराघरात तोंडपाठ झाले होते आणि "टोसी कुठे मिळतंय का" असे मेसेज रात्री दोनला ग्रुपवर यायचे, आठवतंय ना? ते आयएल-सिक्स म्हणजे इंटरल्यूकिन-६, पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक प्रथिन, आणि त्याचं काम अडवणारं इंजेक्शन म्हणजे टोसिलिझुमॅब. दोन्हींच्या मागे जपानी शास्त्रज्ञ तादामित्सु किशिमोतो, जन्म १९३९, ओसाकाचे.

गंमत म्हणजे औषध शोधायला ते निघालेच नव्हते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला किमिशिगे इशिझाकांकडे (अ‍ॅलर्जीवाली आयजीई शोधणारे, तेच) काम करताना प्रश्न होता की बी पेशींनी अँटीबॉडी बनवायला टी पेशींचा (दोन्ही रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) निरोप लागतो, पण तो निरोप पोचतो कशातून? टी पेशी ज्या द्रवात वाढवल्या तो नुसता द्रव घातला तरी बी पेशी कामाला लागतात, म्हणजे त्यात काहीतरी विरघळलेलं आहे. ते काहीतरी नेमकं हातात यायला १९८६ उजाडलं, तोशिओ हिरानो आणि किशिमोतोंच्या टीमने त्याचा जीन मिळवला. मग कळलं की दुसऱ्या लॅबवाल्यांनीही हाच पठ्ठ्या वेगवेगळ्या नावांनी पकडलाय. घरी बाळ्या, शाळेत बाळकृष्ण, ऑफिसात जोशीसाहेब, तसं.

कारण हा एकाच वेळी बरीच कामं करतो, ताप आणतो, लिव्हरला सीआरपी बनवायला लावतो, अँटीबॉडी वाढवतो. हृदयात मिक्सोमा नावाची गाठ असलेल्या काही पेशंटना ताप, सांधेदुखी असायची आणि गाठ काढली की सगळं गायब, तर ती गाठच आयएल-सिक्स बनवत होती! आमवाताच्या सुजलेल्या सांध्यातही हाच भरपूर. मग त्यांनी आयएल-सिक्स ज्या कुलपात बसतं ते रिसेप्टरच बंद करणारी अँटीबॉडी चुगाई या जपानी औषध कंपनीबरोबर बनवली. जपानमध्ये २००५ ला कॅसलमन नावाच्या दुर्मिळ आजारासाठी आणि २००८ ला आमवातासाठी परवानगी. जीन मिळाल्यापासून २२ वर्षं!

मधे १९९७ ते २००३ ते ओसाका युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू धरा. त्यांचे गुरू युइची यामामुरा आधी त्याच खुर्चीत होते आणि नंतर हिरानोही बसले, तिघंही इम्युनॉलॉजीवाले (रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारे), घराणंच म्हणायचं.

कोविडमध्ये टोसी जादूची कांडी वगैरे नव्हती हं. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये ऑक्सिजन कमी आणि सीआरपी जास्त असलेल्या अ‍ॅडमिट पेशंटमध्ये १०० मागे ३५ ऐवजी ३१ मृत्यू झाले, तेही बहुतेकांना स्टेरॉइड चालू असताना. आणि टोसी दिल्यावर सीआरपी धाडकन खाली येतो, कारण लिव्हरपर्यंत ऑर्डरच पोचत नाही, आत नवीन इन्फेक्शन सुरू असलं तरी. आपण मात्र तोच आकडा बघून "सुधारणा आहे" असं ग्रुपवर टाकत होतो.