प्रोटीन आणि कीटोसिस

लो-कार्ब आहारात लिव्हर चरबीपासून कीटोन (साखरेऐवजी शरीर वापरतं ते इंधन) बनवतं, रक्तातले कीटोन लिटरमागे साधारण ०.५ मिलिमोलच्या वर गेले की कीटोसिस धरतात. प्रोटीन जास्त झालं की त्याची साखर होते आणि कीटोसिस मोडतो असं सर्रास सांगितलं जातं, ह्या समजाचं मूळ बहुधा प्रोटीनची ५८ टक्के साखर होते ह्या जुन्या आकड्यात असावं.

विसाव्या शतकाच्या सुरवातीला शरीरशास्त्रज्ञ ग्रॅहम लस्क यांनी कुत्र्यांना फ्लोरिझिन हे द्रव्य दिलं, त्यानं ग्लुकोज किडनीतून लघवीत वाहून जातं. लघवीत १ ग्रॅम नायट्रोजनमागे ३.६५ ग्रॅम ग्लुकोज मिळालं आणि १ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे ६.२५ ग्रॅम प्रोटीन, म्हणून १०० ग्रॅम प्रोटीनमागे ५८ ग्रॅम साखर असा हिशोब निघाला. १९२१ मध्ये डायबेटिसवर काम करणारे डॉक्टर वुडयाट यांनी प्रोटीनचा ०.५८ भाग कीटोनविरोधी आणि ०.४६ भाग कीटोनला पोषक धरून सूत्र मांडलं, त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या वाइल्डर यांनी फिट्ससाठी कीटोजेनिक आहार सुचवला, पुढं पीटरमन यांनी मुलांना वजनाच्या किलोमागे १ ग्रॅम प्रोटीन ठरवून दिलं. पण त्या कुत्र्यांची साखर सतत वाहून जात होती म्हणून लिव्हर जमेल तेवढी बनवत होतं, माणसाच्या जेवणाला हा आकडा जसाच्या तसा लावणं बरोबर वाटत नाही. २०१३ च्या एका प्रयोगात निरोगी माणसांना २३ ग्रॅम अंड्याचं प्रोटीन दिलं, ८ तासांत लिव्हरनं बनवलेल्या सुमारे ५० ग्रॅम ग्लुकोजपैकी त्या प्रोटीनचं फक्त ४ ग्रॅमच्या आसपास होतं. साखर गरजेप्रमाणं बनते हे मत म्हणून जास्त पटणारं आहे.

हॉर्मोनचं म्हणाल तर ल्युसीन, आर्जिनीनसारख्या अमिनो अॅसिडमुळं इन्सुलिन वाढतं. इन्सुलिननं लिव्हरमध्ये मॅलोनिल-कोए नावाचं द्रव्य वाढतं आणि ते फॅटी अॅसिडला मायटोकॉन्ड्रियात (पेशीत चरबी जाळली जाते त्या भागात) शिरू देत नाही, तिथं कीटोन थांबतात. पण प्रोटीननं ग्लुकॅगॉन हे दुसरं हॉर्मोनही वाढतं आणि ते नेमकं उलटं काम करतं. त्यामुळं नुसतं इन्सुलिन बघून चालत नाही, डायबेटिस संशोधक रॉजर उंगर यांनी दोघांच्या प्रमाणावर भर दिला तो ह्यासाठीच. कार्ब नसताना मटण-अंडी खाल्ली तर दोन्ही सोबत वाढतात, कीटोन थोडे उतरले तरी कीटोसिस सहसा टिकतो. १९८३ च्या फिनी यांच्या अभ्यासात सायकलपटू किलोमागे १.७५ ग्रॅम प्रोटीन खाऊनही कीटोसिसमध्ये होते. फिट्सच्या मुलांच्या ४:१ आहारात (प्रोटीन आणि कार्ब मिळून १ ग्रॅमला ४ ग्रॅम चरबी) मात्र प्रोटीन खरंच मोजून द्यावं लागतं.

टाइप १ डायबेटिसमध्ये स्वतःचं इन्सुलिन नसल्यानं ग्लुकॅगॉन एकटंच वाढतं आणि नुसत्या प्रोटीननंही साखर चढू शकते, इन्सुलिनचा डोस ठरवताना हे धरावंच लागतं. थायरॉइडचं टी-३ हे हॉर्मोनही लो-कार्बवर उतरतं, पण प्रोटीन तेवढंच ठेवून कार्ब घटवले तरी ते उतरतं, म्हणजे त्याचं खापर प्रोटीनवर फोडता येत नाही.