कांग यात्से-२ ला येण्याआधी हे वाचा

लडाखच्या मोहिमेची चौकशी करायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "दहा दिवसांत बसवता येईल का?" सुट्टी मिळवणं किती अवघड असतं, हे आम्ही जाणतो. तरी आमचं उत्तर 'नाही' असंच आहे. साताऱ्यातून निघून घरी परत येईपर्यंत अठरा दिवस धरा. एवढे दिवस कशाला लागतात, ते या पत्रकात सांगतो.

कांग यात्से-२ हे मारखा खोऱ्याच्या वरच्या टोकाचं साधारण ६,२५० मीटर उंचीचं शिखर. स्टोक कांगरी २०२० साली बंद झालं, तेव्हापासून पहिलं सहा हजारी शिखर करू पाहणारे बरेच जण इकडे वळतात. इथे उभे कातळ चढायचे नसतात. बेस कॅम्पच्या वर दगडगोट्यांची चढण आणि मग बर्फाचा लांबलचक उतार, एवढंच. म्हणून लोक त्याला 'सोपं शिखर' म्हणतात. आम्ही म्हणत नाही.

हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच असतो, पण जसजसं वर जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे एका श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश ऑक्सिजन मिळतो, शिखरावर तर निम्म्याहूनही कमी. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला रात्री द्याव्या लागतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबायचं, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. आमच्या अठरा दिवसांमागे हाच हिशोब आहे.

विमानाने थेट लेहला उतरलं की सकाळी दिल्ली आणि दुपारी डोकेदुखी, असं पुष्कळदा होतं. मनालीच्या रस्त्याने गेलं तर पहिल्या एक-दोन दिवसांतच सरचूला ४,२०० मीटरच्या वर झोपावं लागतं. म्हणून आम्ही पुण्याहून श्रीनगर गाठतो आणि पुढे झोजी ला, कारगिल, फोटू ला ('ला' म्हणजे खिंड) असा रस्त्याने प्रवास करतो. कारगिलचा मुक्काम २,७०० मीटरच्या आसपास होतो आणि उंची हळूहळू अंगवळणी पडते. लेहमध्ये तीन रात्री. तिथल्या बाजारात मनसोक्त हिंडा, पण पहिल्या दिवशी झोपूनच राहा.

पुढे स्क्यू, मारखा, थाचुंग्त्से आणि निमालिंग. जीपचा रस्ता अलीकडे खोऱ्यात बराच आत गेला आहे, तरी आम्ही स्क्यूपासून चालतच जातो. निमालिंग ४,७०० मीटरच्या वर आहे आणि तिथे आम्ही मुद्दाम दोन रात्री काढतो. कारण तिथून बाहेर पडायची जवळची वाट कोंगमारू ला या खिंडीतून जाते आणि ती खिंड ५,२०० मीटरच्या पुढे आहे. म्हणजे आजारी माणसाला लवकर बाहेर काढायचं तर आधी आणखी वर न्यावं लागतं, नाहीतर आल्या वाटेने मारखाकडे उतरवावं लागतं. हेलिकॉप्टर येईलच, या भरवशावर आम्ही कुणालाही पुढे नेत नाही. त्यामुळे ज्याची तब्येत निमालिंगला कुरकुरते, त्याला आम्ही तिथेच थांबवतो, बेस कॅम्पला नेत नाही.

रोज संध्याकाळी तंबूबाहेर मातीत काठीने एक रेघ ओढतो. प्रत्येकाने टाचेला चवडा लावत त्या रेघेवरून पंधरा पावलं चालायचं. ज्याचा तोल जातो, त्याच्या मेंदूला सूज येत असल्याची शक्यता धरायची आणि त्याला रात्रीच खाली न्यायचं. बसल्या जागी दम लागणं आणि कोरडा खोकला ही फुप्फुसात पाणी भरत असल्याची खूण. त्यावर खरा उपाय खाली उतरणं हाच. सोबत नेलेला ऑक्सिजन सिलिंडर तेवढा वेळ मिळवून देतो. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा. डोकं दुखत असेल तर कृपा करून लपवू नका. शिखर हुकेल या भीतीने गप्प बसणारा माणूस आम्हाला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो.

साताऱ्याच्या प्रियांका मोहिते २०१३ साली एव्हरेस्टवर पोहोचल्या आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णा शिखर चढणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यामुळे इथल्या मुलामुलींना हिमालय परका वाटत नाही, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. सरावाची जागाही आपल्या दारात आहे. पाठीवर दहा-बारा किलो घेऊन आठवड्यातून तीनदा अजिंक्यतारा चढा-उतरा, रविवारी यवतेश्वर घाट न थांबता चाला. निदान तीन महिने. मात्र यातून पाय आणि दम तयार होतात, उंचीची सवय होत नाही. महाबळेश्वर जेमतेम १,३५० मीटर, कळसूबाई १,६४६. घाटात सहज पळणारी मंडळीच तिकडे भरभर वर जातात आणि आजारी पडतात, हे ध्यानात असू द्या.

बर्फाचे बूट लेहमध्ये भाड्याने मिळतात. दोन जोड मोजे चढवून, लेस आवळून पुढचा भाग जमिनीवर आपटून पाहा. अंगठा टेकला तर एक नंबर मोठा घ्या, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे काटे), आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड), हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) आणि दोराचा सराव बेस कॅम्पवर एक पूर्ण दिवस करून घेतो.

शिखरासाठी रात्री अकरा-बाराला निघायचं, कारण ऊन चढलं की बर्फ मऊ पडतो आणि पाय रुततात. बेस कॅम्प सुमारे ५,१०० मीटरवर. म्हणजे एका दमात हजारभर मीटर चढाई. सकाळी दहा वाजता जिथे असू तिथून परत फिरायचं. लीडरने "फिरा" म्हटल्यावर वाद घालायचा नाही. हवामानासाठी दोन दिवस राखीव आहेत.

जेवणाचं म्हणाल तर वर गोड नकोसं होतं. कंदी पेढे लेहपर्यंत संपवा. मेतकूट, आमसूल, शेंगदाण्याची चटणी मात्र जरूर आणा. बेस कॅम्पवर पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही. कुकर आमचा असतो.

इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी आम्ही काढतो. इतर राज्यांतलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय आणू नका, तो गुन्हा आहे. विमा घेताना त्यात ६,००० मीटरच्या वरची गिर्यारोहण मोहीम धरली आहे का, ते पॉलिसीत वाचा. बऱ्याच पॉलिसींत ती नसते. शिखर झालं नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत.

मोहीम जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. नावनोंदणीला येताना आधार कार्ड, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनचे ताजे रिपोर्ट, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि चालू असलेल्या गोळ्यांची यादी आणा. घरच्या एका माणसालाही सोबत आणा. त्यांच्या शंकांना आम्ही वेगळा वेळ ठेवतो.