चुनखडीचा अहवाल कसा वाचावा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चुनखडीचा नमुना तपासून आम्ही जो अहवाल देतो, त्यात ‘वॅकस्टोन’, ‘ग्रेनस्टोन’, ‘बायोमिक्राइट’ अशी नावं असतात. ती वाचून बरेच ग्राहक पहिला प्रश्न विचारतात: यातला चांगला दगड कोणता? या नावांमध्ये प्रतवारी नसते. दगड कशाचा बनला आणि तो साचला तेव्हा तिथलं पाणी शांत होतं की खवळलेलं, एवढंच ती सांगतात. तुमच्या कामाला तो चालेल का, याचं उत्तर त्यातून काढावं लागतं.

मुळात ही चुनखडी आहे का?

निम्म्याहून जास्त भाग कार्बोनेट खनिजांचा असेल तर तो कार्बोनेट खडक. त्यात कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) मुख्य असेल तर चुनखडी, डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेट) मुख्य असेल तर खडकालाही डोलोमाइटच म्हणतात. दोन्ही मिसळलेली असतील तर सहसा १०, ५० आणि ९० टक्के या सीमा धरतात: डोलोमाइट १० ते ५० टक्के असल्यास डोलोमाइटयुक्त चुनखडी, ५० ते ९० टक्के असल्यास कॅल्साइटयुक्त डोलोमाइट.

विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच कॅल्साइट जोरात फसफसतं. डोलोमाइटवर थंड आम्लाचे जेमतेम बुडबुडे येतात. ओरखडून भुकटी केली तर तेही फसफसतं. आम्ही शिवाय दगडाचा काप अलिझरिन रेड-एस या रंगद्रव्याने रंगवतो. कॅल्साइट लालसर होतं, डोलोमाइटला रंग चढत नाही. सिमेंटसाठी दगड घेणाऱ्यांनी अहवालातला मॅग्नेशियम ऑक्साइडचा आकडा सर्वांत आधी पाहावा. शुद्ध डोलोमाइटमध्ये तो २१.९ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि सिमेंटमध्ये मॅग्नेशिया, म्हणजे हाच मॅग्नेशियम ऑक्साइड, फार झाला तर ते घट्ट झाल्यानंतर फुगून तडकू शकतं.

भार कोणावर आहे?

अहवालातलं मुख्य नाव रॉबर्ट डनहॅम यांनी १९६२ साली मांडलेल्या पद्धतीतलं असतं. या पद्धतीचा प्रश्न साधा आहे: दाणे एकमेकांवर टेकून उभे आहेत, की बारीक गाळात सुटे अडकले आहेत? दाणे म्हणजे शंखशिंपल्यांचे तुकडे, थरावर थर चढून गोल झालेले ऊइड, बारीक गोळ्या, फुटून पुन्हा साचलेले चुन्याच्या गाळाचे तुकडे. गाळ म्हणजे २० मायक्रॉनहून बारीक कण.

गाळावर भार असेल आणि दाणे १० टक्क्यांहून कमी असतील तर मडस्टोन. त्याहून जास्त असतील तर वॅकस्टोन. दाणे एकमेकांना टेकलेले असून मध्ये गाळही असेल तर पॅकस्टोन. गाळ नसलेला, निव्वळ दाण्यांचा दगड म्हणजे ग्रेनस्टोन. प्रवाळांसारख्या सजीवांनी वाढतानाच जे एकत्र बांधून ठेवलं ते बाउंडस्टोन. मूळ बांधणी ओळखूच येत नसेल तर स्फटिकी कार्बोनेट.

शांत पाण्यात गाळ तळाशी बसतो, खवळलेलं पाणी तो धुऊन नेतं. म्हणून एवढ्याशा कापावरून जुन्या समुद्राच्या तळाचं चित्र उभं राहतं, आणि आम्हाला या कामातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

मडस्टोन हे नाव वाचून दगडात माती आहे असं समजू नका. इथला गाळही कार्बोनेटचाच असतो, त्यामुळे मडस्टोन रासायनिकदृष्ट्या अतिशय शुद्ध असू शकतो. ग्रेनस्टोन म्हणजे सच्छिद्र दगड, हेही गृहीत धरू नये. दाण्यांमधल्या पोकळ्या पुढे कॅल्साइटच्या स्फटिकांनी गच्च भरलेल्या असू शकतात. सच्छिद्रता आणि दाबबळ, म्हणजे दाब सोसण्याची ताकद, मोजूनच ठरवावं लागतं.

दोन मिलिमीटरहून मोठे दाणे १० टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर एम्ब्री आणि क्लोव्हन यांनी १९७१ साली जोडलेली नावं येतात: गाळावर भार असेल तर फ्लोटस्टोन, दाण्यांवर असेल तर रुडस्टोन.

कंसातलं दुसरं नाव

ते रॉबर्ट फोक यांच्या १९५९ सालच्या पद्धतीतलं. त्यात दाण्याचा प्रकार आणि दाण्यांमधलं भरण मिळून एक नाव होतं. भरण बारीक गाळाचं असेल तर मिक्राइट, स्वच्छ स्फटिकांचं असेल तर स्पराइट. जीवाश्म आणि गाळ मिळून बायोमिक्राइट, ऊइड आणि स्फटिक मिळून ऊस्पराइट. दाणे कशाचे आहेत हे डनहॅमच्या नावात कळत नाही, म्हणून आम्ही दोन्ही देतो.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. काप ०.०३ मिलिमीटर जाडीचा असतो. दगडात एकमेकांना टेकलेले दाणे त्या एका पातळीवर सुटे दिसू शकतात, विशेषतः वेड्यावाकड्या शिंपल्यांच्या बाबतीत. त्यामुळे वॅकस्टोन आणि पॅकस्टोन यांच्या सीमेवरच्या नमुन्याचे आम्ही शक्यतो दोन दिशांनी काप घेतो.

नमुना पाठवताना

मुठीएवढा, ताजा फोडलेला, न झिजलेला तुकडा द्या. थर दिसत असतील तर वरच्या बाजूला पक्क्या शाईने बाण काढा. आधी आम्लाने धुऊ नका. पृष्ठभाग खराब होतो. थरागणिक दगड बदलत असेल तर प्रत्येक थराचा तुकडा वेगळ्या पिशवीत, क्रमांक घालून पाठवा. दगड कशासाठी हवा आहे हेही कळवा, म्हणजे रासायनिक तपासणी, सच्छिद्रता आणि दाबबळ यांपैकी काय करायचं ते आधीच ठरवता येईल.