अमेरिकेत पगारी बाळंतरजा कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हे ठरलं कुठे

आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना म्हणजे सव्वा महिना, शेक-शेगडी, आळीव, डिंकाचे लाडू, सगळं जमलं नाही तरी निदान तेवढा आराम मिळायला हवा हे कुणी नाकारत नाही. त्यामुळे बे एरियात (कॅलिफोर्नियातला सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग) आल्यावर एक गोष्ट फार लागली मनाला. ऑफिसच्या ज्या मजल्यावर आम्ही मुली भरपगारी रजेचं प्लॅनिंग करायचो, आई आधी येणार की सासूबाई यावर चर्चा करायचो, त्याच मजल्यावर संध्याकाळी व्हॅक्युम फिरवणारी मेक्सिकन ताई बाळ पाच आठवड्यांचं असताना कामावर परत आली. ती कंपनीची नाही ना, कॉन्ट्रॅक्टरची. हे असं का, ते शोधत गेले आणि थेट १९३५ सालात जाऊन पोचले.

त्या वर्षी अमेरिकेत सोशल सिक्युरिटी कायदा झाला. म्हातारपणची पेन्शन, बेकारी भत्ता, सगळं त्यातच. पण शेतमजूर आणि घरकामगार यांना त्यातून वगळलं. आता दक्षिणेत कापसाच्या शेतात कोण राबत होतं आणि गोऱ्यांच्या घरात स्वयंपाक, धुणीभांडी, मुलं सांभाळणं कोण करत होतं हे वेगळं सांगायला नको. देशभरातल्या काळ्या कामगारांपैकी साधारण ६५ टक्के त्यामुळे बाहेर राहिले असा अंदाज आहे. वगळण्यामागे वंशद्वेष किती आणि या लोकांकडून वर्गणी गोळा करायची अडचण किती यावर इतिहासकार अजून भांडतात, पण परिणामाबद्दल वाद नाही. आणि कुणाला दिसलं नव्हतं असंही नाही, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी तेव्हाच सिनेटच्या कमिटीपुढे सांगितलं होतं की हे बिल चाळणीसारखं आहे, भोकं बरोब्बर एवढी की बहुतेक काळी माणसं खाली गळून पडतील. १९३८ चा किमान वेतनाचा कायदा आला त्यातही हेच दोन धंदे बाहेर. घरकामगार बायकांना त्यात घ्यायला १९७४ उजाडलं.

कायद्यात 'काळा' हा शब्दच नाही, फक्त कामाचा प्रकार लिहिलाय. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे, कारण पुढे रजेचे नियमही असेच बनले.

रजेची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. ऱ्होड आयलंडने १९४२ मध्ये आजारपणात काम बंद पडलं तर थोडा पगार देणारा विमा सुरू केला, मग कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि बऱ्याच उशिरा १९६९ ला हवाई. यात बाळंतपण धरायचं का यावर कोर्टबाजी झाली आणि १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियाच्या केसमध्ये नॉर्मल बाळंतपण वगळलं तरी चालतं असा निकाल दिला!! शेवटी १९७८ च्या कायद्याने गरोदरपण इतर आजारपणासारखंच धरायचं ठरलं. पण विमा मुळात याच राज्यांत होता. आणि पुढे पगारी फॅमिली लीव्ह (बाळासाठी किंवा घरच्या आजारी माणसासाठी रजा) देणारी पहिली चार राज्यं बघा, कॅलिफोर्निया २००४, न्यू जर्सी २००९, ऱ्होड आयलंड २०१४, न्यू यॉर्क २०१८, म्हणजे ज्यांच्याकडे ही यंत्रणा आधीच उभी होती तीच. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, जिथे काळी वस्ती बरीच दाट, तिथे खाजगी नोकरीवाल्यांसाठी राज्याची अशी योजनाच नाही.

देशपातळीवर काय, तर १९९३ चा एफएमएलए, म्हणजे फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अ‍ॅक्ट. थोरल्या बुशनी दोनदा व्हेटो केलेलं बिल क्लिंटननी सत्तेवर आल्याआल्या सही करून पास केलं. बारा आठवडे रजा, नोकरी जाणार नाही, पण पगार शून्य. वर अटी: कंपनीत ५० माणसं हवीत, तिथे एक वर्ष झालेलं हवं आणि त्या वर्षात १,२५० तास भरलेले हवेत. समजा एक बाई सकाळी एका नर्सिंग होममध्ये आठवड्याला २० तास करते आणि रात्री हॉटेलात २० तास. आठवड्याचे ४० झाले, म्हणजे पूर्ण कष्ट. पण हिशोब मालकागणिक, दोन्हीकडे वर्षाचे १,०४० च भरतात, म्हणून दोन्हीकडे ती अपात्र. कामगार खात्याच्या २०१८ च्या सर्व्हेत फक्त ५६ टक्के कामगार या कायद्यात बसत होते.

आणि बसलं तरी बिनपगारी रजा घ्यायला गाठीशी पैसा लागतो. फेडरल रिझर्व्हच्या २०१९ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती १,८८,२०० डॉलर आणि काळ्या कुटुंबाची २४,१०० डॉलर. बारा आठवडे पगार न घेता घर कोण चालवू शकेल ते यातच आलं.

कॅलिफोर्नियात पगार मिळतो, कागदपत्रं नसलेल्यांनाही क्लेम करता येतो, हे खरंच मोठं पाऊल. पण सुरुवातीला मिळायचा तो पगाराच्या ५५ टक्के. ज्याचं घरभाडंच निम्मा पगार खातं त्याने काय करायचं? वर्षानुवर्षं छोट्या मालकांकडे नोकरी टिकायची हमीही नव्हती, ती पाच माणसांच्या कंपनीपर्यंत यायला २०२१ उजाडलं. म्हणजे वर्गणी सगळ्यांच्या पगारातून कापली जायची आणि रजा मात्र ज्याला परवडते तोच घ्यायचा. आमची ती ताईसुद्धा "पूर्ण रजा घेतली असती तर भाडं थकलं असतं" एवढंच म्हणाली. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून ही रक्कम ७० ते ९० टक्क्यांवर नेली, कमी पगारवाल्यांना ९०.

बाकी सगळं कंपनीच्या मर्जीवर. २०१५ मध्ये नेटफ्लिक्सने वर्षभरापर्यंतची पगारी रजा जाहीर केली तेव्हा डीव्हीडी पॅक करणारे तासावरचे कामगार त्यात नव्हते, ओरड झाल्यावर काही महिन्यांनी तासावरच्या कामगारांना कामाच्या विभागाप्रमाणे १२ ते १६ आठवडे दिले. तासावारी, कॉन्ट्रॅक्टवर, सफाईला, किचनमध्ये कोण जास्त आहे ते कुठल्याही ऑफिसात संध्याकाळी सहानंतर थांबलं की दिसतं. २०२३ मध्ये खाजगी क्षेत्रात २७ टक्के लोकांनाच मालकाकडून पगारी फॅमिली लीव्ह होती, आणि लॅटिनो कामगारांना ती गोऱ्यांपेक्षा कमी मिळते हे अभ्यासांत परत परत आलंय.

केंद्र सरकारच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२० पासून बारा आठवडे पगारी मिळतात. सगळ्यांना द्यायचं बिल २०२१ मध्ये आलं, आधी बारा आठवडे, मग घासाघीस होऊन चार, ते चार हाऊसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) पास झाले आणि सिनेटमध्ये अडकले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या बिलातून जो कायदा शेवटी निघाला त्यात हवामान होतं, औषधांच्या किमती होत्या, रजेचा एक आठवडाही नव्हता.